वजन नंतर, आधी वेल्ड आणि पिव्होट बघा

स्पोर्ट क्वाडसाठी (चार चाकांची, हँडलवाली रेसिंग गाडी) 'सगळ्यात हलकी तीच फ्रेम घ्या' हा एका लेखातला सल्ला काही पटला नाही. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) साध्या पोलादापेक्षा हलकं नसतं, घनता जवळपास तीच. ते जास्त मजबूत, म्हणून नळीची जाडी कमी ठेवता येते आणि वजन तिथं वाचतं. आता नळी पातळ म्हटल्यावर सगळा खेळ वेल्डिंगचा. ए-आर्मच्या (पुढचं चाक फ्रेमला जोडणारा 'A' आकाराचा दांडा) ब्रॅकेटवर बॅटरी मारून बघा. टिग वेल्डच्या कडेनं नळीत बारीक खाच पडलेली दिसली तर फ्रेम तिथंच सोडा, चीर तिथूनच जाते.

स्टॉक, म्हणजे कंपनीचे मूळ ए-आर्म बसतात का तेही आधी विचारा. नसतील बसत तर नवे आर्म, त्या मापाचे शॉक... बिल तिथं फुगतं.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात नळी वाकवणारे लई भारी कारागीर आहेत, नाद नाही करायचा! पण जिगशिवाय (वेल्ड करताना नळ्या मापात धरून ठेवणारा साचा) फ्रेम करून घेऊ नका भावांनो. स्विंगआर्मचा (मागची चाकं धरणारा, वरखाली हलणारा दांडा) पिव्होट, म्हणजे तो फ्रेमला जोडतो तो सांधा, जरा जरी तिरका बसला तर मागचा अ‍ॅक्सल वाकडा राहतो, गाडी एका बाजूला ओढते आणि चेन-स्प्रॉकेट लवकर खातं. आणि हो, ही गाडी ट्रॅकसाठी, रंकाळ्यावर चक्कर मारायला नव्हे.