बँक ज्या जागेवर कर्ज देत नाही, ती जागा घेऊ नका

सध्या नात्यातली, ओळखीतली बरीच तरुण मंडळी छत्रपती संभाजीनगरात पहिलं घर बघू लागलीत. कुणी वाळूजला कंपनीत, कुणी शेंद्र्याला, कुणी नुकतंच जिल्हा परिषदेत नोकरीला लागलेलं. भेटले की प्रश्न एकच, ‘ताई, सगळ्यात कमी व्याज कोणत्या बँकेचं?’ मला या प्रश्नाची खरंच काळजी वाटते. पाव-अर्ध्या टक्क्याचा हिशोब पुढं कधीही करता येतो, कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. जमिनीचा कागद एकदा गळ्यात पडला की पडला, आणि मराठवाड्यात माणूस बुडतो तो तिथंच.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. कागदपत्रांमुळं राष्ट्रीयीकृत बँक ज्या जागेवर गृहकर्ज द्यायला नाही म्हणते, ती जागा सोडून द्या. कितीही स्वस्त असो, कितीही मोक्याची असो.

आपल्याकडं होतं उलटंच. बँक नाही म्हणाली की एजंट म्हणतो, ‘त्यांचं काय ऐकता, मी दुसरीकडून करून देतो.’ मग जास्त व्याजाचं खासगी कर्ज, नाहीतर गावाकडचा एकरभर तुकडा विकून रोख. अरे, पण बँकेचा वकील ३० वर्षांचे व्यवहार चाळून शोध अहवाल देतो, त्याची फी आपणच भरतो. आपल्याच पैशानं मिळालेला सल्ला आपणच का फेकून द्यायचा?

सगळ्यात जास्त फसगत बाँडवरच्या प्लॉटमध्ये होते. शेतजमीन, एनए (बिगरशेती) झालेली नाही, लेआउट मंजूर नाही. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळं वर्षानुवर्षं गुंठा-दोन गुंठ्याची रजिस्ट्री होत नव्हती, म्हणून आधी शंभराच्या आणि नंतर पाचशेच्या बाँडवर नोटरी करून प्लॉट हातात देत आले. ‘सगळेच असं घेऊ लागलेत’ हे एकच वाक्य पुरेसं होतं. पण नोटरीच्या कागदानं मालकी मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं. तो वारला की त्याच्या वारसांचा फेर होतो, आणि त्यातल्या एखाद्यानं उद्या तीच जमीन दुसऱ्याला रजिस्ट्री करून दिली तर तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढत बसता.

अशा वसाहतींत राहणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही. तुटपुंज्या पगारात पोरांच्या डोक्यावर छप्पर घालायचं तर दुसरं होतं काय त्यांच्यापुढं? सरकारनंही ते मान्य केलंय. असे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेले प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागात तर अशा फायलींची चर्चा घरोघरी असते. कुणी तिथलं घर विकायला काढलं असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा मागा. ‘फाईल टाकलीय’ या शब्दावर इसार देऊ नका.

दुसरा धोका जुना आहे, निजामाच्या काळचा. आम्ही एक रो-हाऊस जवळजवळ पक्कं केलं होतं. दारात जांभळाचं झाड, नवऱ्याला फार आवडलं होतं. कागद घेऊन आम्ही ओळखीच्या वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी आजचा सातबारा बाजूला ठेवला आणि जुनं पहाणी पत्रक आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदी, मागवून घेतल्या. आजच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ हा रकाना कोरा होता. खासऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या नकलेवर त्यांनी बोट ठेवलं, ‘ताई, हे वाचा.’ फिकट शाईत ‘मदतमाश’ लिहिलेलं होतं. इनामाची जमीन. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा, पण त्यानंतर या जमिनीचा वर्ग कसा बदलला, परवानगी कुणी दिली, याचा एकही कागद विकणाऱ्याकडं नव्हता. तो वैतागला, ‘इतकी वर्षं कुणी विचारलं नाही,’ म्हणाला. आम्ही ते घर सोडलं. मदतमाश असो, देवस्थान वा दर्ग्याच्या सेवेची खिदमतमाश असो, की भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, हे शब्द दिसले की सक्षम अधिकाऱ्याचा आदेश बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये. सिडकोतलं घर असेल तर जमीन भाडेपट्ट्याची असू शकते, तिथं सिडकोचं नाहरकत आणि हस्तांतरणाची फी आधी विचारून घ्या.

आता पैशाचं. २५ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं धरा. हप्ता साधारण २१,७०० बसतो. पहिल्या हप्त्यातले १७,७०० व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त ४,००० च्या आसपास. एकूण भरणा ५२ लाखांचा. हे आकडे बघून घाबरू नका, पण दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरायची सवय लावा. बोनस, सोयाबीनची पट्टी, जे हाती येईल त्यातून. कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरायला बँक दंड लावू शकत नाही.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते, आणि घर दहा लाखांहून महाग असेल तर मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे दहा टक्के आणि वर हे सगळं आपल्या हातात हवं. त्यातच विकणारा म्हणतो, रजिस्ट्रीत कमी दाखवू, उरलेले रोख द्या. साफ नाही म्हणा. करारात रक्कम कमी दाखवली की कर्जही तेवढंच कमी बसतं, आणि रोख दिलेल्याची कुठंही नोंद राहत नाही. बिल्डरकडं नवा फ्लॅट घेत असाल तर आधी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प बघा. रेरा कायद्यानं नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

घर बाईच्या नावावर घ्यायचा आग्रह मी मुद्दाम धरते. महाराष्ट्रात निव्वळ महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ३० लाखांवर ३० हजार वाचतात. पण पैसे हे निमित्त. आपल्याकडं शेतात राबणाऱ्या किती बायांची नावं सातबाऱ्यावर आहेत, ते आपल्या घरचे उतारे काढून बघा. आमच्याकडंही मोठ्यांनी ‘कशाला उगाच’ म्हणून पाहिलं. घर माझ्या नावावर झालं, कर्जात आम्ही दोघं आहोत.

आणि मूळ खरेदीखत बँकेत जमा करताना दिलेल्या प्रत्येक कागदाची सही-शिक्क्याची यादी घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. ती यादी लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेवा.