पूल खेळून कोट्यधीश? अर्धीच गोष्ट फिरतेय

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या पूलबद्दल, म्हणजे टेबलावर काठीनं चेंडू भोकांत ढकलायच्या खेळाबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘पूलच्या एका स्पर्धेत ५ लाख डॉलर मिळतात, पोरांना क्लबात घाला.’ आकडा खोटा नाही. २००६ मध्ये अमेरिकेत रेनो शहरात फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसनं तेवढ्या बक्षिसाची स्पर्धा जिंकली होती. पण आयोजक इंटरनॅशनल पूल टूर डबघाईला आली आणि खेळाडूंचे पैसे रखडले, हे मेसेजात सोयीनं गाळलंय. एरवी प्रवेश फी, विमानाचं तिकीट, हॉटेल सगळं बहुतेकदा खेळाडूच्याच खिशातून. सुरुवातीलाच हरला तर आला तसा हात हलवत परत. म्हणून बरेच जण शिकवण्या, प्रदर्शनी सामने, क्यू (खेळायची काठी) बनवणाऱ्यांचं प्रायोजकत्व यावर घर चालवतात. आपल्याकडे बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणीसुद्धा ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत नोकरीला लागले.