प्रभाग मोडून प्रश्न सुटत नाही

महापालिका निवडणुकीच्या काळापासून नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्रभाग मोडून काढा, साऱ्या शहराचा एकच मतदारसंघ करा आणि सर्वाधिक मते घेणारे १५१ जण नगरसेवक होऊ द्या, म्हणजे नाली-रस्त्याचे राजकारण संपून अभ्यासू माणसे सभागृहात येतील. ते जमत नसेल तर चार सदस्यांचा प्रभाग तरी टिकवा, कारण त्यात सर्व समाजांना वाटा मिळतो. पसंतीक्रमाच्या मतदानाचे, म्हणजे उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देण्याचे, परदेशी खूळ मात्र नको, कारण आपल्या मतदाराला ते झेपणार नाही.

संदेश लिहिणाऱ्याची चीड मला समजते, परंतु त्याची तिन्ही विधाने तपासली तर टिकत नाहीत.

पहिल्या मागणीला थेट राज्यघटनेचीच आडकाठी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेला आणि १ जून १९९३ पासून लागू असलेला अनुच्छेद २४३-आर सांगतो की पालिकेच्या थेट निवडणुकीच्या जागा प्रादेशिक मतदारसंघांतून, म्हणजेच वॉर्डांतून भरल्या जातील. त्यामुळे ही मागणी महापालिकेच्या किंवा राज्य सरकारच्या हातातली नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी या पद्धतीने काय होते याचा अनुभव अमेरिकेतल्या शहरांनी दीर्घकाळ घेतला आहे. तिथे अनेक ठिकाणी सगळे नगरसेवक संपूर्ण शहराच्या मतांवर निवडले जात, आणि शहरभरात ज्या गटाचे बहुमत असेल तोच गट जवळपास सगळ्या जागा घेऊन जाई. तीस-पस्तीस टक्के लोकसंख्या असलेल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा एकही माणूस सभागृहात नसे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखाली अशा पद्धतींविरुद्ध खटले झाले आणि १९८६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठीचे निकष घालून दिले. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने तर २०१२ मध्ये मतदारांचा कौल घेऊन शहरव्यापी निवडणूक सोडली आणि २०१४ पासून दहा विभागांतून दहा सदस्य निवडायला सुरुवात केली. आपला संदेश जिकडे जायला सांगतो, तिकडून ही शहरे परत आली आहेत. शिवाय जयताळ्यापासून पारडीपर्यंत, म्हणजे साऱ्या शहरात, आपले नाव पोचवायचे तर ते काम पैसा आणि पक्ष हाताशी असलेलाच करील. संदेशातला अभ्यासू माणूस त्यात सर्वांत आधी गळेल.

दुसरे विधान अधिक सावधपणे तपासावे लागते, कारण ते वरवर खरे वाटते. आपल्याकडे २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा आणि २०१७ मध्ये चौघांचा; लागोपाठच्या चार निवडणुकांत चार रचना. २०१७ मध्ये ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडले गेले, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे २४ लाख लोकसंख्येच्या हिशेबाने एकेका प्रभागात सरासरी ६३ हजार लोक आले. पण चार जागा एकत्र ठेवल्या म्हणून त्या वाटून मिळतात असे नाही. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती असतात, प्रत्येक मतदार चारही लढतींत मत देतो आणि प्रत्येक लढतीत पुढे असलेला एक जण जिंकतो. समजा एका प्रभागात २० हजार मतदारांनी मतदान केले आणि चारही जागांवर एका पक्षाला ९ हजार, दुसऱ्याला ६ हजार व तिसऱ्याला ५ हजार मते पडली. पहिला पक्ष चारही जागा नेतो, आणि उरलेल्या ११ हजार मतदारांचा सभागृहात कोणीही नसतो. शहरव्यापी निवडणुकीचा दोष तोच आहे, फक्त तो ३८ तुकड्यांत वाटलेला आहे.

आरक्षणामुळे समाजांना जागा मिळतात हे खरे. पण राखीव जागेवर कोण बसेल हे प्रभागातले सगळे मतदार मिळून ठरवतात. विदर्भाला हे नवे नाही. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. देशातले असे द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

जबाबदारीचा प्रश्न वेगळाच. आमच्या ले-आउटमधले चेंबर गेल्या पावसाळ्यांपैकी एकात तीन आठवडे तुंबले होते, तेव्हा एका प्रतिनिधीने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने ‘तो पट्टा माझ्याकडे नाही’ असे सांगितले, आणि तो कागदोपत्री कोणाकडेच नव्हता, कारण चौघेही साऱ्या प्रभागाचेच होते. एकसदस्य वॉर्डात ही पळवाट राहत नाही, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मते वाया जाण्याचा दोष मात्र तिथेही तसाच राहतो.

आता ‘परदेशी खूळ’. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघात १ डिसेंबर २०२० रोजी मतदान झाले, ते पसंतीक्रमानेच झाले. केंद्रावर दिलेल्या पेनाने उमेदवाराच्या नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती लिहिली नाही किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण केली तर मत बाद होते. तशी मते बाद होतातही, आणि तो मतदार पदवीधर असतो. तेव्हा शिकवण्याची गरज आहे, हे मी नाकारत नाही. पण २०१७ च्या मतदानाला माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकू एकच बटण दाबून निघाल्या होत्या. ‘मावशी, अजून तीन बाकी आहेत,’ म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले, तेव्हा कुठे यंत्राची लांब शिट्टी वाजली. चार लढती आणि प्रत्येकात ‘नोटा’ असलेली ही पद्धत आपण मतदाराला शिकवलीच ना?

स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक निवडणुकांत बहुतेक वॉर्ड तीन किंवा चार सदस्यांचे आहेत, म्हणजे सदस्यसंख्येने आपल्या प्रभागासारखेच. मोजणी मात्र पसंतीक्रमाने होते : विजयी उमेदवाराची जादा मते आणि बाद झालेल्या उमेदवाराची मते मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. अमेरिकेतल्या पोर्टलंडने २०२४ मध्ये चार विभागांतून प्रत्येकी तीन सदस्य असेच निवडले. मॅसॅच्युसेट्समधले केंब्रिज शहर तर १९४१ पासून साऱ्या शहराचा एकच मतदारसंघ ठेवून नऊ सदस्य या रीतीने निवडते, आणि तिथे एकच गट सगळ्या जागा नेत नाही. याचा अर्थ मतदारसंघाच्या आकाराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, मोजणीची रीत निर्णायक आहे. वरच्याच प्रभागात चारही जागा एकत्र मोजल्या तर निवडून यायला एक पंचमांशाहून एक मत जास्त, म्हणजे ४,००१ मते लागतील; एवढी मते चौघांहून जास्त जणांना मिळूच शकत नाहीत. मतदारांनी आपापल्या पक्षाच्या उमेदवारांनाच क्रम दिले तर ९ हजारांच्या पक्षाला दोन जागा मिळतील आणि इतर दोघांना एकेक.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सध्याच्या यंत्रावर क्रम लिहिता येत नाही, त्यामुळे मतपत्रिका किंवा नवी यंत्रे लागतील. आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व महिला यांच्या जागा एकत्र मोजणीत कशा राखायच्या, याचा नियम आधी नीट लिहावा लागेल. पण त्यासाठी घटना बदलावी लागत नाही. अनुच्छेद २४३-झेडए नुसार पालिका निवडणुकांबाबत कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे. प्रभागरचनेच्या प्रारूपावर मागवल्या जाणाऱ्या हरकतींत हद्दींबद्दल बोलता येते, मोजणीबद्दल नाही. ती मागणी विधिमंडळाकडेच करावी लागेल, आणि त्याचे हिवाळी अधिवेशन तर आपल्याच शहरात भरते.