चित्राची किंमत आपल्या गावानेही विचारावी

नागपूर ही राज्याची उपराजधानी आहे, येथे मेट्रो धावते आणि हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. तरीही चित्रकारासाठी हे लहान गावच आहे, असे मी येथेच वाढून आणि सतरा वर्षे येथेच रंगवून म्हणते आहे. चित्रकाराचे गाव त्याचे चित्र विकत घेणाऱ्या घरांवरून मोजावे लागते. त्या मापाने मोजले तर आमचे गाव एखाद्या तालुक्याएवढेच भरेल.

पण या गावाने मला काय दिले, ते आधी सांगायला हवे. माझे बालपण महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत गेले. भाद्रपद जवळ आला की शाळा सुटल्यावर आम्ही मुली चितार ओळ या मूर्तिकारांच्या गल्लीतून रमतगमत घरी यायचो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी चाललेली असे, आणि बारीक कुंचला धरलेला तो हात पापणीची रेघ पूर्ण करीपर्यंत आसपासची माणसेही बोलायची थांबत. रेषा म्हणजे काय, हे मी तेथे शिकले. चित्रकला महाविद्यालयाची पायरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चढले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, निघणारी मारबतीची मूर्तीही मला तितकीच जवळची आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. कितीतरी दिवस राबून केलेल्या त्या मूर्ती ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत लोक गावाबाहेर नेतात आणि जाळून टाकतात. जी वस्तू संध्याकाळपर्यंत उरणार नाही, तिच्यासाठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे येते, कारण ती वस्तू तिला आपली वाटते. भिंतीवर पन्नास वर्षे टिकेल अशा चित्राबाबत हेच नाते का जुळू नये, हा प्रश्न माझ्या मनातून कधीच गेला नाही.

माझे घर चित्रविक्रीवर चालत नाही. ते शिकवण्यांवर चालते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांच्या आधी माझ्या खोलीत बसायला जागा उरत नाही. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात ७ वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना आणून सोडतात. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण गुणांसाठी आलेल्या मुलांपैकी एखादे परीक्षा झाल्यावरही येत राहते, आणि तसे एक मूल मिळाले तरी माझे वर्ष सार्थकी लागते. उरलेले महिने भिंती रंगवण्याची कामे येतात. त्यांचा दर चौरस फुटावर ठरतो, आणि परांची उभारण्याचा खर्च कोणी करायचा यावर हमखास घासाघीस होते.

कडवटपणा आला तो एका हॉटेलमालकामुळे. उद्‌घाटनाच्या वेळी त्यांनी माझी सहा चित्रे स्वागतकक्षात लावण्यासाठी नेली. गिऱ्हाईक मिळाले तर पैसे देऊ, नाहीतर तुमची प्रसिद्धी तरी होईल, असे ठरले होते. उन्हाळ्यात तेथे मोठा कूलर बसला आणि त्याच्या ओल्या वाऱ्याच्या थेट झोतात माझी तीन जलरंगचित्रे राहिली. परत आणली तेव्हा कागद काचेआड लाटांसारखा फुगला होता आणि आकाशाच्या निळ्यावर बुरशीचे करडे ठिपके उठले होते. नागपूरचा मे महिना चित्रकाराला दोन्ही बाजूंनी कोंडीत धरतो: कूलर बंद ठेवला तर ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातो, आणि चालू ठेवला तर कागद ओला होतो. ती कोंडी मी समजू शकते. पण नुकसानीचा विषय काढल्यावर ‘मॅडम, आम्ही तर तुम्हाला जागा फुकट दिली होती’ हे जे उत्तर आले, ते मला आजही समजू शकत नाही.

मुंबईला जा, असे सगळेच सुचवतात. मी दोनदा गेले. स्ट्रेचरच्या लाकडी चौकटीवरून कॅनव्हास उतरवायचा, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळायचा, कारण ती आत राहिली तर रंग दाबला जातो, आणि विदर्भ एक्स्प्रेसने आठशेहून अधिक किलोमीटर तो भार सांभाळत न्यायचा. तेथे फ्रेम, दालनाचे भाडे, राहणे. जहांगीर कलादालनासाठी अर्ज केला की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. पहिल्या खेपेला एक चित्र विकले गेले आणि त्यातून जेमतेम प्रवासखर्च निघाला. तरीही अनोळखी माणसाने चित्रासमोर उभे राहून सरळ ‘याची किंमत किती?’ असे विचारले, तेव्हा मला जो आदर वाटला, तो नागपुरातल्या शंभर ‘वा, सुंदर!’मध्ये वाटला नव्हता.

आमच्याकडे प्रदर्शनाला गर्दी होते, लोक प्रेमाने येतात, घरचा डबाही आणतात. काळ्या मारबतीच्या माझ्या चित्रासमोर एक गृहस्थ खूप वेळ थांबले, डोळे पुसले, फोटो काढला आणि मग विचारले, “हिची झेरॉक्स मिळेल का हो?” त्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. ओळखीच्या माणसाशी पैशांचे बोलणे आपल्याला संकोचाचे वाटते, आणि हा संकोच चित्रकारांनीही पोसला आहे. मी स्वतः कित्येक वर्षे चित्राखाली किंमत लिहिली नाही. ती चूक होती. आता प्रत्येक चित्राखाली आकडा असतो, आणि हप्त्यांनी देता येईल हेही लिहिलेले असते.

त्या ओळीमुळेच महालातल्या एका निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. नागपुरातल्या ‘शुक्रवारी’ तलावाचे पहाटेचे चित्र त्यांना हवे होते. दरमहा दीड हजार रुपये असे आठ महिने त्या स्वतः पाकीट घेऊन येत राहिल्या, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत चित्र घरी न्यायला तयार झाल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “बाई, उद्या कूलर लावणार आहे. तलाव त्याच्या समोरच्या भिंतीवर येतो. तो देवघराच्या खोलीत हलवू की कूलरच दुसऱ्या खिडकीला लावू?” मी म्हणाले, चित्र हलवा. त्या म्हणाल्या, “नाही, मी कूलरच हलवते. सकाळी उठल्यावर तलाव मला दिसायला पाहिजे.”