किकॅडचा रोटेशन ‘बग’: एक खुलासा

किकॅड हे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर. बोर्डवर पार्ट बसवणाऱ्या कारखान्याला त्यातून असेंब्लीची फाइल जाते; कुठला पार्ट कुठं आणि किती अंशांत फिरवून बसवायचा (रोटेशन), ते तीत असतं. ‘किकॅड असेंब्लीच्या फाइलमध्ये रोटेशन चुकीचं देतं, म्हणून फूटप्रिंटच ९० अंशांत फिरवून ठेवा’ असा सल्ला सध्या फिरतोय. (फूटप्रिंट म्हणजे पार्ट बोर्डवर जिथं डकवतात त्या जागेचा आराखडा.) निदान अर्धा तरी चुकीचा, आणि दुसरा अर्धा महागात पडणारा.

किकॅड कोन बरोबरच देतं. प्रश्न शून्य कुठून मोजायचा हा आहे. एसओटी-२३ या तीन पिनांच्या छोट्या आवरणातला ट्रान्झिस्टर घ्या. किकॅडच्या लायब्ररीत त्याच्या दोन पिना डावीकडे, एकटी पिन उजवीकडे. हा झाला शून्य अंश. तोच पार्ट रीलच्या टेपमध्ये, म्हणजे कारखान्यात तो ज्या पट्टीत भरून येतो तिच्यात, पाहा: टेपची भोकं वर धरली, की एकटी पिन भोकांकडे, म्हणजे वर तोंड करून असते. कारखान्यानं टेपमधली स्थिती शून्य धरली, तर इथंच ९० अंशांचा फरक पडला. काही कारखाने तिसरंच काही धरतात.

फूटप्रिंट फिरवलात तर एका कारखान्याचं काम भागेल. दुसऱ्याकडे बोर्ड पाठवलात की पुन्हा बोंब. दुरुस्ती असेंब्लीच्या त्याच फाइलमध्ये (सीएसव्ही पोझिशन फाइल) करा, पार्टनिहाय, त्या कारखान्यापुरती. मग त्यांच्या प्रिव्ह्यूत पिन १ चा ठिपका सिल्कस्क्रीनवरच्या (बोर्डवर छापलेल्या) खुणेशी जुळतो का ते बघा. रेझिस्टर १८० अंशांनी उलटा बसला तरी बिघडत नाही. डायोड, एलईडी, टँटलम कपॅसिटर आणि आयसी मात्र एकेक करून तपासा. एलईडीत किकॅडची पिन १ म्हणजे कॅथोड, ऋण टोक. कारखान्याच्या चित्रातली खूण कशाची आहे, हे सरळ विचारून घ्या.

खालच्या बाजूचे पार्ट वेगळे तपासा. तिथं आरशातल्यासारखी उलटापालट होते, आणि वरच्या बाजूची दुरुस्ती तशीच लावून चालत नाही.