तलवारीची तिर्री म्हणजे मरण नव्हे

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते पत्ते. त्यांच्या चार रंगांबद्दलचा (चषक, नाणी, तलवारी, दंड) एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणे हे रंग इजिप्तच्या पुजाऱ्यांनी बनवले, आपले बावन्न पत्ते त्यांतूनच निघाले, चार रंग म्हणजे चार तत्त्वं, आणि तलवारीचं पान आलं की घरात मृत्यू किंवा बिघडलेलं ऑपरेशन ठरलेलं, तेव्हा लगेच शांती करा. माझ्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. तिने मोबाईलवर पान काढलं, तलवारीची तिर्री आली, आणि आता ती तारीख पुढे ढकला म्हणून बसली आहे.

इजिप्तचं आधी उरकते. ही कल्पना 1781 साली फ्रान्समध्ये कूर द जेबलँ नावाच्या लेखकाने मांडली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारं कुणीच नव्हतं; शांपोलियाँनी ती उलगडली 1822 मध्ये. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, आणि तो खेळायला: 22 हुकमाची पानं, 56 चार रंगांची.

बावन्न पत्त्यांचं तर उलटंच आहे. साधे पत्ते युरोपात 1370 च्या दशकातच पोचले होते, हुकमाची पानं मागाहून जोडली गेली. इजिप्तचा संबंध अगदीच नाही असं मात्र नाही, एवढं मान्य करावं लागेल. चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असलेले मामलुक (मध्ययुगात इजिप्तवर राज्य करणारे सुलतान) काळातले पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत. पण ते सुलतानांच्या इजिप्तचे. फॅरोचे पुजारी त्याच्या कितीतरी शतकं आधी संपले होते.

आता तलवारी. जुन्या फ्रेंच, मार्सेय पद्धतीच्या संचात तिर्री म्हणजे दोन वाकड्या तलवारी, मधे एक सरळ, भोवती पानंफुलं. बस. मावशीला दिसलं ते लालभडक हृदय, त्यात आरपार तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. हे चित्र चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी गूढविद्येवर लिहिणाऱ्या ए. ई. वेट यांच्यासाठी काढलं, आणि तो संच 1909 साली लंडनमध्ये निघाला. वेट यांनी आपल्या 1911 च्या पुस्तकात तिर्रीचा अर्थ दिलाय: दुरावा, विलंब, फूट. मृत्यू नाही, शस्त्रक्रिया नाही. दश्शीवर तर पालथा पडलेला माणूस आणि त्याच्या पाठीत दहा तलवारी आहेत. तिथेही ते दुःख, अश्रू म्हणतात आणि वर स्पष्ट लिहितात की हे काही खास हिंसक मृत्यूचं पान नव्हे. ज्यांनी संच घडवला तेच हे सांगतायत!

शिवाय 78 पानांत तलवारीची 14 आहेत. दर पाच-सहा जणांत एकाला तलवार येणारच. तेवढ्या घरांत तिरड्या बांधल्या जातात का?

तत्त्वांचं खरं आहे, पण अर्धंच. चषक जल, दंड अग्नी, तलवार वायू, नाणी पृथ्वी ही जोडणी टॅरोवाले खरोखर वापरतात. ती रूढ केली 1888 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने, प्राचीन वगैरे काही नाही. आणि त्या हिशेबाने वायू म्हणजे विचार, वाद, निर्णय. मेसेज तलवारीला वायू म्हणतो आणि पुढच्याच ओळीत मरण काढतो.

उरली शांती. वेट यांच्या पुस्तकात अर्थ आहेत, पानं मांडायच्या पद्धती आहेत, तोडगा एकाही पानाला नाही. तो या मेसेजमध्ये कुणीतरी घातलाय, खाली पैसे पाठवायचा नंबर देऊन. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी तो आजच ग्रुपवरून काढावा.