टिरियन खरंच लढू शकला असता का?

काल रात्री एका मैत्रिणीशी फोनवर जवळजवळ तासभर वाद झाला. तिचं म्हणणं असं की ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला टिरियन लॅनिस्टर दरबारात कितीही भारी वाटला तरी रणांगणावर तो पटत नाही. जन्मतः खुजा, पाय आखूड आणि वाकडे, सगळं आयुष्य पुस्तकांवर आणि जिभेवर काढलेलं. असा माणूस कुऱ्हाड घेऊन गर्दीत घुसतो आणि जिवंत परत येतो, हे लेखकाने आपल्या लाडक्या पात्राला दिलेलं झुकतं माप आहे. मी तावातावाने ‘नाही’ म्हटलं. फोन ठेवल्यावर झोप मात्र येईना. तिचं निम्मं म्हणणं मला मान्य होतं, फक्त कुठलं निम्मं ते तिला नीट सांगता आलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांची कादंबरी वाचायची किंवा मालिका बघायची राहिली आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी येणार आहेत.

आधी तिची बाजू घेते, कारण ती बाजू मी स्वतःच्या अंगावर अनुभवली आहे.

फँटसीत एक सवय बोकाळली आहे. पात्र हुशार आहे ना, मग ते लढाईतही हुशारीनेच जिंकणार. समोरच्या धिप्पाड योद्ध्याचा गुडघा दुखावलेला आहे हे त्याला एका नजरेत कळतं, मनात हिशोब होतो, एक गिरकी, एक वार आणि खेळ खल्लास. वाचताना छान वाटतं. मीही असल्या प्रसंगांवर टाळ्या पिटल्या आहेत. मग मी तलवारबाजीच्या वर्गाला जायला लागले. बोथट पोलादी तलवार, जाड गादीसारखं जाकीट, जाळीचा मुखवटा. पहिल्या मोकळ्या लढतीला मी सगळं ठरवून गेले होते. समोरची मुलगी वार करण्याआधी दर वेळी उजवा खांदा किंचित उचलते, हे मी तीन आठवडे बघून शोधून काढलं होतं. खांदा उचलला की डावीकडे सरकायचं आणि तिच्या मनगटावर मारायचं. लढत सुरू झाली, तिचा खांदा उचलला गेला, मला तो स्पष्ट दिसलाही, आणि तोवर तिची तलवार माझ्या हातावर आपटली होती. माझं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. पण डोळ्यांना दिसणं आणि पाय हलणं यांच्यात जे अंतर असतं, ते तीच हालचाल हजार वेळा केल्याशिवाय बुजत नाही. दुसऱ्या मिनिटाला मुखवट्याच्या आत फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात आत जात नव्हता. डोक्यात विचार म्हणून एकही शिल्लक नव्हता.

आणि ही सपाट फरशीवरची एकास एक लढत होती, जिथे कुणी कुणाला मारणार नव्हतं.

खरी एकहाती तलवार साधारण एक-सव्वा किलोची असते, म्हणजे लोक समजतात त्यापेक्षा बरीच हलकी. दमवतं ते चिलखत. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घालून माणसांना ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शरीराला लागणारी ऊर्जा जवळपास दुप्पट झालेली दिसली. ओझं फक्त पाठीवर नसतं. पायांवरही लोखंड असतं, ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, आणि छाती घट्ट आवळलेली असल्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. आता या माणसाला चिखलात उभं करा, दोन्ही बाजूंना खेटून माणसं, मागून रेटा. यात गिरकी कुठून घेणार?

इंग्लंडमध्ये टाउटनची लढाई झाली 29 मार्च 1461 रोजी. तिथला एक खड्डा 1996 मध्ये सापडला, त्यात चाळीसच्या आसपास माणसांचे सांगाडे होते. त्यांच्या कवट्यांवर एकावर एक घातलेले वार आहेत. काहींच्या हातांच्या हाडांवरही आहेत, म्हणजे वार अडवायला त्यांनी नुसते हात वर केले असणार. त्या हाडांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ काही वाचवेना. यातला कुणी हुशार नसेल का? गावात ज्याच्याकडे सगळे सल्ला मागायला यायचे असा एखादा नक्की असेल त्यात. त्या क्षणी त्याच्या हुशारीला कुणी काही विचारलं नाही.

इथपर्यंत मैत्रीण बरोबर आहे. धुमश्चक्रीत बुद्धी तलवारीच्या जागी वापरता येत नाही, आणि जो लेखक तशी वापरू देतो त्याच्यावरचा माझा विश्वास उडतो.

तिचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ‘म्हणून हुशार माणसाचं रणांगणावर काम नाही’ असं ती म्हणते, आणि हे म्हणताना रणांगण म्हणजे फक्त ती धुमश्चक्री, असं गृहीत धरते.

नार्सेसची गोष्ट मला यासाठी फार आवडते. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या दरबारातला हा खोजा, म्हणजे खच्ची केलेला, अधिकारी. खजिन्याचा कारभार बघितलेला, वयाने म्हातारा. 552 मध्ये इटलीत ताजिनेच्या मैदानावर तो गॉथांच्या राजासमोर, तोतिलासमोर सेना घेऊन उभा राहिला. कादंबरीत असं पात्र लिहिलं असतं तर ‘हा काय लढणार’ म्हणून आपणच नाकं मुरडली असती. त्याने काय केलं? भाडोत्री लाँबार्ड आणि हेरुल स्वारांना घोड्यांवरून उतरवून मधल्या फळीत पायी उभं केलं, म्हणजे मनात आलं तरी त्यांना सहज पळता येऊ नये. दोन्ही बाजूंना तिरंदाज पुढे काढले. खजिनदारच तो, त्याने सोन्याची कडी, गळ्यातले अलंकार आणि सोन्याचे लगाम काठ्यांवर लटकवून सैनिकांना दाखवत फिरवले. तोतिला कुमक यायची वाट बघत वेळ काढत होता आणि जेवणाच्या वेळी गाफील गाठायच्या बेतात होता. नार्सेसने हुकूम सोडला की कुणी चिलखत उतरवायचं नाही, कुणी डुलकी काढायची नाही, जे काय खायचं ते रांगेत उभ्या उभ्या. गॉथ स्वार आले ते थेट बाणांच्या माऱ्यात. ते फुटले, आणि पळापळीत तोतिला मारला गेला.

रांगेत उभ्या उभ्या जेवण! मला ही एवढी एक ओळ दहा द्वंद्वयुद्धांपेक्षा जास्त पटते. माणसांना भूक लागते, झोप येते, हाव सुटते, ती घाबरून पळतात, हे ज्याला माहीत आहे त्याची हुशारी अशीच दिसणार.

हुशार माणूस मागे तंबूत बसून नकाशावर सोंगट्या हलवतो आणि जिंकतो, हेही मला अर्धवट वाटतं. इसवी सनपूर्व 216 मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या योजनेची सगळी मदार मधल्या फळीवर होती. तिने रोमनांचा रेटा सोसत हळूहळू मागे यायचं, पण फुटायचं मात्र नाही. ती फुटली असती तर त्या योजनेचं आज कुणी नावही घेतलं नसतं. हॅनिबल त्या वेळी त्याच मधल्या फळीत होता, भावाला सोबत घेऊन. माणसांना हे असं मागे सरकणं कागदावर शिकवता येत नाही. सेनापती आपल्याबरोबर आहे, तो पळालेला नाही, हे त्यांना दिसावं लागतं. कुरुक्षेत्रावरचा सगळ्यात चतुर माणूसही शस्त्र न धरण्याचं वचन देऊन आला होता, पण उभा होता रथाच्या पुढच्या भागात, बाणांच्या टप्प्यात.

आणखी एक माणूस आठवतो, सॉक्रेटिस. इसवी सनपूर्व 424 मध्ये डेलियमला अथेन्सचा पराभव झाला, फळी फुटली, सगळे सैरावैरा पळत सुटले. सॉक्रेटिस तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होता, जड शस्त्रास्त्रं बाळगणारा साधा पायदळ सैनिक. त्याचा मित्र आल्किबियाडिसने घोड्यावरून त्याला पाहिलं, त्याची साक्ष प्लेटोने लिहून ठेवली आहे. हा माणूस सोबत्याबरोबर शांतपणे, इकडेतिकडे नजर टाकत चालत निघाला होता, आणि त्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. पाठलाग करणारे आधी पाठ दाखवून पळणाऱ्यांना गाठतात. हे त्याला कळत होतं, एवढ्याने भागलं नसतं. खांदा उचललेला मलाही कळला होता. त्याच्या शरीराने ते ऐकलं, कारण तो त्याआधी पोटिडियाला लढून आलेला होता. हुशारी आणि अंगवळणी पडलेला धीर एकत्र आले की काय होतं, ते बघायला मला डेलियमची ही माघार पुरते.

आता टिरियन. पहिल्या लढाईत, ग्रीन फोर्क नदीवर, बाप त्याला डाव्या बगलेत डोंगरी टोळीवाल्यांबरोबर ढकलतो, आणि ती बगल फुटेल हे धरूनच बापाने डाव मांडलेला असतो. इथे टिरियनच्या हुशारीचा काडीचाही उपयोग नाही, आणि लेखक तसा तो दाखवतही नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मालिकेत तर लढाई सुरू होण्याआधीच आपल्याच माणसाचा हातोडा लागून तो बेशुद्ध पडतो. अनेकांना ती पळवाट वाटली, मला ती शक्यता अगदी खरी वाटते. कादंबरीतला टिरियन लढतो. त्याच्या शिरस्त्राणाचा टोकदार खिळा शत्रूच्या घोड्याच्या पोटात घुसतो, घोडा कोसळतो आणि वरचा स्वार शरण येतो. हा प्रसंग मला पटतो. त्यात डावपेच नाही, कौशल्य नाही, धडपड आणि नशीब आहे, आणि त्याच्या बुटकेपणामुळेच ते तसं घडतं. त्याच लढाईत तो कुऱ्हाडीने आणखी माणसं लोळवतो, ते मात्र मला आजही पचत नाही. घोड्यावर बसून जोरात वार करायचा तर मांड पक्की लागते, आणि त्या पायांनी ती कशी बसणार? मैत्रिणीला इथे मी सरळ शरण जाते.

राजधानीजवळच्या ब्लॅकवॉटर नदीवरच्या लढाईबाबत मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. तिथे टिरियन नदीत ज्वालाग्राही द्रव भरलेली जहाजं सोडून शत्रूचं आरमार पेटवतो. तोपर्यंत त्याची बुद्धी काम करते. मग बुद्धी संपते. आग पाहून सँडर क्लेगेन, सगळ्यात बलदंड माणूस, बाहेर जायला साफ नकार देतो. वेशीवर धडका बसताहेत, कुणीतरी तुकडी घेऊन निघायला हवं आणि कुणीच नाही. टिरियन निघतो. त्याला आपण लढवय्ये असल्याचा साक्षात्कार वगैरे झालेला नसतो. बाहेर काय वाट बघतंय हे तिथल्या प्रत्येकापेक्षा त्याला जास्त स्पष्ट दिसत असतं. भित्रा माणूस डोळे मिटून घेऊ शकतो, हुशार माणसाला ती सोय नसते. शेवटी त्याचा चेहरा कापला जातो तो आपल्याच बाजूच्या एका शूरवीराकडून, आणि वाचवतो त्याला एक पोरगेला सेवक. त्या लढाईत टिरियनने सगळ्यांना ओळखलं होतं, या एका माणसाला सोडून. यापेक्षा खरी लढाई मी फँटसीत फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

आणि मालिकेत गाळलेली एक गोष्ट कादंबरीत आहे. नदीच्या मुखावर ओढायची प्रचंड साखळी. हल्ला येण्याच्या कितीतरी आधी टिरियन शहरातल्या लोहारांना बोलावतो आणि चिलखतं बाजूला ठेवून साखळीच्या कड्या घडवायला सांगतो. तलवारी-चिलखतं घडवणाऱ्या कारागिरांना हे हलकं काम वाटतं, ते कुरकुरतात. तो त्यांना धमकावतो आणि करून घेतो. ही साखळी कशासाठी, हे आपल्यालाही बराच काळ कळत नाही. लढाईच्या रात्री आरमार आत शिरल्यावर ती मागून वर उचलली जाते आणि जळणाऱ्या जहाजांना समुद्राकडे परतायची वाट उरत नाही. मैत्रिणीने फक्त मालिका पाहिली आहे. आज संध्याकाळी जाऊन मी तिला माझी कादंबरीची प्रत देणार आहे, लोहारांच्या पानावर खूण घालून.